पोलीस ठाण्याची पायरी : व्यापारी कुटुंबांच्या मनातील प्रश्न

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली गेली आहे. व्यापारी घरांनी त्या म्हणीत पोलीस ठाण्याच्या पायरीचीही मनोमन भर घातली. दुकानात चोरी झाली तर नुकसान सोसावे, मुनिमाने अफरातफर केली तर त्याला गुपचूप काढून टाकावे, धमकीचा फोन आला तर मध्यस्थ शोधावा, पण ठाण्यात जाऊ नये, हेच शहाणपण मानले गेले. पेढीचे नाव चारचौघांत नको, साक्षीसाठी खेटे नकोत, मुद्देमाल म्हणून माल अडकायला नको, अशी त्यामागची कारणे होती. ती अगदीच निराधार होती असेही नाही.

परंतु या दुराव्याची किंमत आता वाढली आहे. पूर्वी चोर गल्ला फोडत असे आणि नुकसान त्या दिवसाच्या विक्रीपुरते राही. आज एका फोनवर आयुष्याची पुंजी खात्यातून निघून जाते. ती परत मिळण्याची शक्यता कुटुंबाने पहिल्या तासात काय केले यावर अवलंबून असते. अशा वेळी भीतीपोटी बाळगलेले मौन चोराच्याच पथ्यावर पडते. दुसरीकडे, याच घरांतील काही मुले-मुली आता पोलीस सेवेत जाण्याची इच्छा बोलून दाखवू लागली आहेत आणि ‘आपल्यात असे कोणी करते का?’ हे उत्तर त्यांना पुरेसे वाटत नाही. ठाण्याच्या पायरीविषयीचे अज्ञान दूर केले, तर या दोन्ही गोष्टींचा विचार शांतपणे करता येईल.

तक्रार कोठे आणि कशी नोंदवावी?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांची जागा त्यांनी घेतली. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी तक्रारीची मूळ चौकट बरीचशी पूर्वीसारखीच आहे.

गुन्ह्यांचे दोन वर्ग समजून घेतले की निम्मा गोंधळ संपतो. चोरी, घरफोडी, खंडणी, फसवणूक यांसारखे गुन्हे दखलपात्र असतात. त्यांची खबर मिळताच पोलिसांनी प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवून तपास करायचा असतो. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा अदखलपात्र प्रकरणांत ठाण्यात ‘एनसी’ नोंदवली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ‘एनसी घेतली आणि पुढे काहीच झाले नाही’ या नित्याच्या तक्रारीचे कारण बहुधा येथे असते.

सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून तक्रारदाराला परत पाठवता येत नाही. अशा वेळी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग केला जातो, त्यालाच ‘झीरो एफआयआर’ म्हणतात. मालाच्या खरेदीसाठी सुरत-बेंगळुरूपर्यंत प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्याला ही तरतूद फार उपयोगाची आहे. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत त्याला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

ठाण्याने तक्रार घेण्यास नकार दिला, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, असा मार्ग कायद्यातच आखून दिला आहे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची नोंद अनिवार्य ठरवली. त्याच निकालात व्यापारी व्यवहारांतील गुन्ह्यांसारख्या काही वर्गांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवण्यात आली आहे. त्यामुळे देण्या-घेण्याच्या तक्रारीत पोलीस आधी कागद मागतात आणि चौकशी करतात, याचा अर्थ प्रत्येक वेळी टाळाटाळ असा होत नाही.

उधारी बुडाली, तर पोलीस वसूल करून देतील का?

व्यापाऱ्यांच्या तोंडी सर्वांत अधिक असणारा हा प्रश्न. त्याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. माल घेतला, काही महिने पैसे दिले, मग धंदा बसला आणि देणे थकले, हा दिवाणी वाद होय. येणे वसूल करून देणे हे पोलिसांचे काम नाही. फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी माल घेतानाच समोरच्याचा हेतू अप्रामाणिक होता, हे दिसावे लागते. खोटे नाव, बनावट जीएसटी क्रमांक, अस्तित्वात नसलेले गोदाम, एकाच आठवड्यात अनेक पेढ्यांकडून माल उचलून दुकान बंद करणे, अशा खुणा असतील तर ठाण्यात जाण्यास भक्कम आधार मिळतो. विश्वासाने सोपवलेला माल किंवा रोकड नोकराने लाटली, तर तो विश्वासघाताचा गुन्हा असतो आणि नोकर या नात्याने केलेल्या अशा कृत्यास कायद्यात अधिक कडक शिक्षा आहे.

न वटलेल्या चेकचा मार्ग तर ठाण्याकडे जातच नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या १३८ व्या कलमाखालील तक्रार थेट दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात करायची असते आणि तिला वेळेचे काटेकोर बंधन आहे. चेक परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत देणेकऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यानंतर १५ दिवसांत त्याने रक्कम दिली नाही, तर पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. ती कोठे करायची, तर चेक खात्यात वटवण्यासाठी भरला असेल तर आपले खाते ज्या बँक शाखेत आहे तेथील न्यायालयात, हे २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ या गोड बोलण्यावर विसंबून अनेक व्यापारी पहिले ३० दिवस घालवतात आणि मग ठाण्यात जाऊन निराश होतात. चेक तीन महिन्यांपर्यंतच वैध असतो, हेही वहीत टिपून ठेवण्यासारखे आहे.

सराफाच्या दुकानी पोलीस आले, तर?

पकडलेल्या चोराला घेऊन पोलीस एखाद्या सराफाच्या दुकानी येतात आणि ‘याने तुम्हाला दागिने विकले’ असे सांगतात, हा प्रसंग या व्यवसायातील घरांना नवा नाही. चोरीचा माल घेणे हा न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. पण त्यासाठी माल चोरीचा असल्याचे घेणाऱ्याला माहीत असावे लागते, किंवा तसे मानण्यास त्याच्यापाशी कारण असावे लागते. नेमक्या याच मुद्द्यावर सराफाची वही बोलते. विकणाऱ्याचे ओळखपत्र, छायाचित्र, मूळ पावतीची विचारपूस, वजनाची नोंद, रोखीऐवजी खात्यातून दिलेली रक्कम आणि दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण हे सर्व जपलेले असेल, तर प्रामाणिकपणा सिद्ध करायला दुसरा साक्षीदार शोधावा लागत नाही. बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात घेतलेला आणि वहीत न चढवलेला दागिना मात्र घेणाऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देतो.

प्रामाणिक खरेदीदार गुन्हेगार ठरत नसला, तरी चोरीच्या वस्तूची मालकी त्याला मिळत नाही. वस्तू मूळ मालकाकडे जाते आणि भरपाई विकणाऱ्याकडूनच मागावी लागते. जप्तीच्या वेळी पंचनामा झाला पाहिजे, त्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन व वजन आले पाहिजे आणि त्याची प्रत मागून घेतली पाहिजे. नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. ज्याच्या घरी चोरी झाली त्या कुटुंबाने आपले दागिने सोडवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा. मौल्यवान वस्तू ठाण्यात वर्षानुवर्षे ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून त्या हक्कदाराला परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले आहे.

येथे एक गोष्ट श्रावकांनी आवर्जून आठवावी. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’ सांगितले आहे, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा राज्याच्या नियमांचे उल्लंघन करण्याचा दोषही त्याच यादीत येतो. संहितेने ३१७ व्या कलमात जो गुन्हा सांगितला, तो जैन आचारधर्माने कितीतरी शतके आधी व्यापाऱ्याच्या वहीत दोष म्हणून लिहून ठेवला आहे.

फोनवरचे ‘पोलीस’ आणि गोठलेले खाते

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेरा बंद करू नका’ असे सांगून वृद्धांना तासन्‌तास घरात बसवून ठेवण्याचे प्रकार सर्वत्र झाले आहेत. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. व्हिडिओ कॉलवरून अटक होत नाही आणि चौकशीसाठी कोणतेही सरकारी खाते ‘पडताळणीकरिता’ रक्कम आपल्या खात्यात भरायला सांगत नाही. चौकशीला हजर राहण्याची ३५ व्या कलमाखालील नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. असा फोन आला की तो बंद करावा, घरातील माणसांना सांगावे आणि जवळच्या ठाण्यात खातरजमा करावी. ‘कोणाला सांगू नका’ हे चोराचे मुख्य हत्यार असते आणि अब्रूला जपणाऱ्या घरांत ते अधिक धारदार ठरते.

पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. ती बँकिंग यंत्रणेत असेपर्यंतच अडवता येते, एटीएममधून निघाली की हात बांधले जातात. म्हणून आधी १९३० आणि आपल्या बँकेला फोन, नंतर नातेवाइकांचा सल्ला, असा क्रम ठेवावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा फोन क्रमांक जवळ असावा.

याच यंत्रणेची दुसरी बाजू व्यापाऱ्यांना अनुभवावी लागते. अनोळखी ग्राहकाने यूपीआयने दिलेली रक्कम चोरीच्या साखळीतील निघते आणि दुकानाचे खाते अकस्मात गोठवले जाते. संशयित मालमत्ता रोखण्याचा अधिकार पोलिसांना १०६ व्या कलमाने आहे आणि त्याची खबर त्यांनी दंडाधिकाऱ्यांना द्यायची असते. अशा वेळी शाखेत वाद घालून उपयोग नसतो. कोणत्या राज्यातील कोणत्या ठाण्याने, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी आदेश दिला, हे बँकेकडून लेखी घ्यावे. विक्रीचे बिल, माल दिल्याचा पुरावा आणि खतावणीचा उतारा त्या ठाण्याकडे पाठवावा. रोख केवळ वादग्रस्त रकमेपुरती ठेवून उरलेले खाते मोकळे करावे, अशी विनंती करावी आणि गरज पडल्यास न्यायालयात दाद मागावी.

बोलावणे आले, अटक झाली तर?

ठाण्याचे बोलावणे म्हणजे अटक नव्हे. साक्षीदार म्हणून माहिती हवी असेल तेव्हा स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यांच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या साक्षीच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हेही फार थोड्यांना माहीत असते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही. तिची गरज का आहे, हे पोलिसांना नोंदवावे लागते. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी ६० वर्षांवरील किंवा व्याधिग्रस्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला अटक करता येत नाही. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे, वकिलाला भेटू देणे, वैद्यकीय तपासणी करणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे ही पोलिसांची बंधने आहेत. त्यांपैकी २४ तासांचे बंधन तर राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे.

‘चहापाणी दिल्याशिवाय काम होत नाही’ ही समजूत व्यापाऱ्यांत खोल रुजलेली आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. सक्तीने लाच द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केली, तर त्याला संरक्षण मिळते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. वहीत ‘किरकोळ खर्च’ म्हणून लिहिली जाणारी ही रक्कम पुढच्या व्यापाऱ्यासाठी दर ठरवून जाते, याचाही विचार व्हावा.

मुलाला किंवा मुलीला पोलीस व्हायचे आहे

महाराष्ट्रात पोलीस सेवेची प्रमुख दारे तीन. पहिले पोलीस शिपाई भरतीचे. त्यासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असून खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा १८ ते २८ वर्षे आहे. उंची पुरुषांसाठी किमान १६५ सेंटीमीटर आणि महिलांसाठी १५५ सेंटीमीटर लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर व दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. त्यानंतरच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता यांबरोबर मराठी व्याकरणही असते. घरी मारवाडी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलांनी या शेवटच्या विषयाकडे विशेष लक्ष द्यावे. दुसरे दार पदवीधरांसाठी, महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत पोलीस उपनिरीक्षक पदाचे. या पदाचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. राज्यसेवा परीक्षेतून उपअधीक्षकपद मिळते तेही याच आयोगामार्फत. तिसरे दार केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे. त्यातून भारतीय पोलीस सेवेत निवड झालेले अधिकारी हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत शिकतात. नियम प्रत्येक भरतीच्या जाहिरातीतून ताडून पाहावेत.

२०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे भरतीत राखीव जागा मिळतात, हा गैरसमज आहे. मात्र राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग अल्पसंख्याक तरुणांसाठी पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना चालवतो. इतर कोणत्याही आरक्षणात न येणाऱ्या आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांना अटी पूर्ण केल्यास आर्थिक दुर्बल घटकाचे आरक्षण मागता येते. मुलींसाठी राज्याच्या सेवांत ३० टक्के जागा आहेत.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे क्षेत्र परके वाटते, तेही बरोबर नाही. ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या कायद्याखालील तपास असो, पतसंस्थांतील अपहार असोत की बनावट बिलांची साखळी असो, आर्थिक गुन्हे शाखेला ताळेबंद वाचता येणारी माणसे हवी असतात. दिसणाऱ्या आकड्यामागचा न दिसणारा व्यवहार ओळखण्याची नजर व्यापारी घरातील मुलाला बालपणापासून मिळालेली असते. केंद्रीय अन्वेषण विभाग, सीमाशुल्क, प्राप्तिकर या खात्यांची काही पदे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेतून भरली जातात, तीही याच वाटेवरची आहेत.

पेढीत भागीदारी ठेवून नोकरी करता येईल का? नाही. सरकारी कर्मचाऱ्याला शासनाच्या परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही, शेअर बाजारात सट्टा करता येत नाही आणि कुटुंबातील कोणी व्यापार करीत असेल तर ते शासनाला कळवावे लागते. वेतन ठरलेले असते. शिपायाची वेतनश्रेणी मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून आणि उपनिरीक्षकाची ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते त्याव्यतिरिक्त. चांगल्या चालणाऱ्या दुकानाशी याची तुलना करून निर्णय घेणाऱ्याने या वाटेला न जाणेच बरे.

अडचणीही लपवू नयेत. शाकाहार पाळणे जमते. चौविहार आणि कंदमुळांचा त्याग मात्र बंदोबस्ताच्या ताटात दररोज सांभाळता येईल, असे सांगता येत नाही. पर्युषणाची अखेर आणि गणेशोत्सवाचा आरंभ लागून येतात, तर दशलक्षणाचे दिवस गणेशोत्सवातच असतात. महाराष्ट्रात नेमक्या त्याच काळात पोलिसांना रजा मिळत नाही. कामाचे तास ठरलेले नसतात. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात ८ तासांच्या पाळीचा प्रयोग करावा लागला, यावरूनच पूर्वीच्या पाळ्यांची कल्पना यावी. हे सर्व मुलाला आधी सांगावे आणि मग निर्णय त्याच्यावर सोपवावा.

अहिंसा आणि वर्दी

सर्वांत अवघड प्रश्न उंचीचा किंवा वेतनाचा नाही. अहिंसाव्रती कुटुंबातील मुलाने हाती शस्त्र घ्यावे काय, हा आहे. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून, जीव घेण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने पूर्णपणे सोडायची असते. घरकामात व व्यवसायात होणारी हिंसा आणि आक्रमणापासून स्वतःचे, आश्रितांचे व राज्याचे रक्षण करताना होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही. ती शक्य तितकी कमी करायची असते. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची भव्य मूर्ती घडवणारा चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. मूर्तीच्या पायाशी त्याचे नाव सांगणारा लेख मराठीतही कोरलेला असून तो मराठीतील जुन्या शिलालेखांत गणला जातो. ज्याने आयुष्यभर तलवार चालवली, त्यानेच सर्व शस्त्रे टाकून उभ्या राहिलेल्या बाहुबलींची मूर्ती उभारली. या परंपरेला वर्दी अपरिचित नाही.

तथापि विरोधी हिंसेची मुभा म्हणजे मोकळीक नव्हे. पळणाऱ्या दरोडेखोराला अडवणे वेगळे आणि कोठडीत हात बांधलेल्या माणसाला मारणे वेगळे. दुसऱ्या कृतीत विरोध उरलेला नसतो, उरतो तो केवळ संकल्प आणि क्रोध. कायदाही येथे हेच सांगतो. अटक केलेल्याला पळून जाण्यापासून रोखण्यास आवश्यक त्याहून अधिक बंधन घालू नये, असा सुरक्षा संहितेचा नियम आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, म्हणजे मारहाण करून वदवून घेण्याला कायद्याने मोल ठेवलेले नाही. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतील छळाविरुद्ध नियम घालून दिले आणि २०२० मध्ये सर्व ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे. त्यात सज्जनांचे रक्षण आधी येते आणि दुष्टांसाठी शब्द आहे तो निग्रह, सूड नव्हे. संयम अंगी बाणलेला तरुण या कामाला अपात्र ठरण्याऐवजी अधिक पात्र ठरू शकतो. राग आवरता न येणाऱ्याच्या हाती काठी जाण्यापेक्षा तो आवरण्याचे शिक्षण घरातच मिळालेल्याच्या हाती ती जाणे समाजाच्या हिताचे आहे. आपल्या परंपरेतील गुरुमहाराजांचा विचार मुलाने अवश्य घ्यावा, पण तो घेताना प्रश्न पूर्ण मांडावा.

घराने आणि संघाने काय करावे?

काही साध्या गोष्टी आजच करता येतील. गल्ल्याजवळ ११२, १९३० आणि १०६४ हे क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत. दुकानातील नोकर आणि घरातील भाडेकरू यांची माहिती पोलिसांना द्यावी. अनेक शहरांत भाडेकरूंविषयीचा तसा आदेश असतो. रस्त्यावर अपघात दिसला तर जखमीला निःशंकपणे रुग्णालयात न्यावे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीची सक्ती होऊ नये, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याखाली आहे, त्यामुळे जीवदयेच्या आड पोलिसांची भीती येण्याचे कारण उरलेले नाही. चातुर्मासातील व्याख्यानमालेत एक दिवस स्थानिक ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलवावे आणि ज्येष्ठांना फोनवरील फसवणुकीविषयी सांगायला लावावे. घरातील वृद्धांना मात्र त्याहून महत्त्वाची एक हमी हवी असते. पैसे गेले तरी कोणी रागावणार नाही, लगेच सांगा, हे त्यांना आधीच सांगून ठेवले पाहिजे. अनेक घरांत पहिला मोलाचा तास चोराच्या चलाखीइतकाच मुलांच्या रागाच्या भीतीने वाया जातो.

समाजातील एखादा मुलगा किंवा मुलगी वर्दीत आली, तर तिच्याकडून सवलतीची अपेक्षा धरू नये. ‘आपला माणूस ठाण्यात आहे’ या भरवशावर चलन माफ करून घेणारा आप्त त्या तरुणाच्या व्रतालाच धक्का लावतो. तिचा सत्कार करावा, तिच्या कामाच्या वेळा समजून घ्याव्यात आणि तिला तिचे काम निर्भयपणे करू द्यावे. व्यापाऱ्याने आपली वही स्वच्छ ठेवली आणि कायद्याची एवढी ओळख करून घेतली, तर ठाण्याची पायरी चढताना त्याचे पाय अडखळण्याचे कारण नाही.